समारोपाची प्रार्थना

गणिताच्या बाईंना उशीर झाला होता, आणि त्याबद्दल आता थेट प्रभूकडे तक्रार चालली होती.

"हे प्रभू," डोळे मिटून उभा असलेला संचालक सावकाश म्हणत होता, "वेळ ही तुझीच देणगी आहे. ती आम्ही वाया घालवू नये. आमच्यातल्या प्रत्येक भावाला, आणि विशेषतः बहिणीला, तू शिस्त दे."

बाई दारातच थांबल्या. गोलात मांडलेल्या खुर्च्यांपुढे सगळे माना खाली घालून उभे होते. पाय न वाजवता त्या आपल्या जागेपाशी गेल्या, पिशवी खाली ठेवली आणि डोळे मिटण्याआधी एकवार संचालकाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. चेहऱ्यावर शांती अगदी ओसंडून वाहत होती. बोटं मात्र मनगटावरच्या घड्याळाशी चाळा करत होती.

"आमेन," सगळे म्हणाले.

"या, या, बाई," डोळे उघडून तो हसला. "आम्ही नुकतीच सुरुवात केली."

वा! तक्रार करायची, आणि वर 'तो मी नव्हेच'. बाई मनात म्हणाल्या आणि बसल्या.

अध्यापक महाविद्यालयातला हा अभ्यासक्रम पदवीधर शिक्षकांसाठी होता. ख्रिस्ती दृष्टिकोनातून अध्यापन आणि शालेय नेतृत्व, असं त्याचं नाव. ऐकतानाच धाप लागावी इतकं लांब. बाईंनी आपल्या शाळेत अर्धं आयुष्य गणित शिकवलं होतं, आणि मुख्याध्यापक आजारी पडल्यापासून उपमुख्याध्यापिका म्हणून सगळा गाडा त्याच ओढत होत्या. आता ते निवृत्त होणार होते. खुर्ची बाईंना मिळायला हरकत नव्हती. पण विश्वस्तांनी नवा नियम काढला, ही पदवी असल्याशिवाय मुख्याध्यापक होता येणार नाही. नियम का काढला हे शाळेतल्या शिपायालाही कळत होतं. अध्यक्षांच्या जावयाकडे ही पदवी होती. त्याला बेरीज बोटांवर करावी लागायची, पण पदवी होती.

म्हणून बाई इथे येऊन बसल्या होत्या. आज शेवटचं प्रात्यक्षिक. ते पार पडलं की पदवी हातात, आणि जावयाने खुशाल बोटं मोजत बसावं.

संचालकाला बाई मनातल्या मनात 'मेंढपाळ' म्हणत. त्याचा सगळा प्रबंधच त्या विषयावर होता. नेता म्हणजे मेंढपाळ, शिक्षक म्हणजे मेंढरं, हे त्याने इतक्या परींनी मांडलं होतं की वर्गात फळ्यावर लोकर उगवायची तेवढी राहिली होती. आयुष्यात तो एकाही शाळेत टिकलेला नव्हता. मुलांसमोर उभं राहायची पाळी आली की त्याचा घसा बसे. मोठ्यांसमोर मात्र खुलायचा.

पण बाईंना खरा राग होता तो इथल्या प्रार्थनेच्या रीतीचा. प्रार्थनेचा राग नव्हे. त्या पाळकाच्या घरात वाढल्या होत्या, प्रार्थना त्यांना पाण्यासारखी ओळखीची होती. इथे तिचा जो वापर चालायचा, त्याने त्यांचं डोकं उठायचं. तोंडावर काही सांगायची कुणाची छाती नाही, म्हणून सगळं प्रभूच्या कानावर घालायचं. पंखा कमी करायचा असला तरी "हे प्रभू, ज्यांना वाऱ्याचा त्रास होतो त्यांना सांभाळ." कुणाचं घरात बिनसलं असेल तर "आमच्या एका बहिणीच्या संसारासाठी", आणि मग सगळे डोळे मिटल्या मिटल्या मनात बहिणी मोजणार. वर त्याला उत्तर देता येत नाही. प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायची कुणाची टाप आहे?

सकाळी घरी त्यांनी हे सगळं नक्कल करून दाखवलं होतं. त्यांचे यजमान हसून हसून बेजार झाले. सासूबाई टेबलाच्या त्या टोकाला चहात पाव बुडवत बसल्या होत्या, त्या हसल्या नाहीत. त्यांनी कप बाजूला सारला आणि तिथल्या तिथे हात जोडले.

"देवा, माझ्या सुनेच्या जिभेला आज लगाम घाल. आमेन."

"घ्या!" यजमान म्हणाले. "आता तू प्राचार्य होतेस की नाही ते थेट वरूनच ठरणार."

"मुख्याध्यापिका," बाई म्हणाल्या. "आणि ते वरून नाही, त्या मेंढपाळाकडून ठरणार आहे. तेच तर दुखणं आहे."

प्रात्यक्षिकाचा विषय होता 'अवघड संभाषण'. नेत्याला एखाद्या सहकाऱ्याला अप्रिय गोष्ट सांगायची असते, ती कशी सांगावी. खोलीच्या मध्ये एक टेबल, दोन खुर्च्या. एका खुर्चीत परीक्षा देणारा मुख्याध्यापक म्हणून बसणार. दुसरीत शेजारच्या शाळेतली चित्रकलेची शिक्षिका. ही शाळा महाविद्यालयाचीच होती, तिच्या समितीवर संचालकही होता, आणि दर वर्षी असल्या सरावासाठी चित्रकलेच्या बाईंनाच बोलावत. कधी त्या चिडलेली पालक होत, कधी कामचुकार शिक्षिका, एकदा तर गुडघ्याला खरचटलेला विद्यार्थीही झाल्या होत्या. मजेत करायच्या. आजही आल्या त्या नखात निळा रंग घेऊन, खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "आज काय होऊ, सर? रडू की भांडू?"

"आज तुम्ही तुम्हीच व्हा," मेंढपाळ गोड आवाजात म्हणाला. "एक शिक्षिका. पुढच्या वर्षापासून शाळेला तुमची गरज उरलेली नाही, असं मुख्याध्यापक तुम्हाला सांगणार आहेत. तुम्हाला जे वाटेल ते बोला. अगदी मोकळेपणाने."

"बाप रे," चित्रकलेच्या बाई हसल्या. "बरं."

पहिले गेले ते कवायतीचे सर. उंचपुरे, आवाज असा की मैदानाच्या पलीकडची मुलं जागच्या जागी थांबावीत. इथे मात्र त्यांना घाम फुटला. त्यांनी हवापाण्याची चौकशी केली, मुलं काय म्हणतात विचारलं, मग चक्क त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं आणि चित्रकलेच्या बाईंनी त्यांना रुमाल दिला. दुसरी उठली ती नुकतीच पदवी घेतलेली, सगळं लिहून घेणारी पोरगी. तिने शिकवल्याप्रमाणे आधी कौतुक केलं, शेवटी कौतुक करायचं म्हणून तेही केलं, आणि मधलं सांगायचं राहूनच गेलं. चित्रकलेच्या बाई उठताना म्हणाल्या, "म्हणजे माझा पगार वाढला असंच समजू ना?" सगळे हसले. मेंढपाळही हसला, पण त्याचं हसू लवकर आटोपलं.

कसले हे गुळमुळीत लोक, बाईंना वाटलं. ह्यांच्या हाती शाळा द्यायच्या? एका माणसाला एक वाक्य सरळ सांगता येत नाही, आणि निघालेत नेतृत्व करायला.

"बाई, आता तुम्ही," मेंढपाळ म्हणाला. मग जवळ येऊन हळूच, "तुमच्याकडून मला फार अपेक्षा आहे. तुम्ही स्पष्ट बोलता."

"कारण काय द्यायचं?" बाईंनी विचारलं. "काढायचं ते कशासाठी?"

"ते तुमच्या विवेकावर सोडतो. नेत्याला कारण सापडतं."

बाई जाऊन बसल्या. हवापाणी वगैरे काही नाही.

"बसा," त्या म्हणाल्या, "एक वाईट बातमी आहे. ती आधीच सांगते, म्हणजे उगाच तुमच्या जिवाला घोर नको. पुढच्या वर्षी शाळा तुम्हाला कामावर ठेवणार नाही."

चित्रकलेच्या बाईंनी आपली भूमिका घेतली; मान किंचित वाकडी करून त्यांनी विचारलं, "का हो?"

बाईंना तेव्हा खरोखर सुचलं. गेल्या आठवड्यात सरावाचा पाठ घ्यायला त्या याच शाळेतल्या एका वर्गात होत्या, आणि भिंतीपलीकडून खुर्च्या सरकल्याचे, मुलं खिदळल्याचे आवाज येत होते. चित्रकलेचा तास. त्यांनी कपाळाला आठी घातली होती. त्यांच्या मते चित्रकला हा मुळी विषयच नव्हता, दोन विषयांच्या मधली सुट्टी होती.

"पालकांच्या तक्रारी आहेत," त्या म्हणाल्या. "तुमच्या तासाला मुलं दुसऱ्या विषयांचा गृहपाठ उरकतात. वर्गात शिस्त नसते. वर्षाच्या शेवटी मुलांच्या हातात दाखवण्यासारखं काही नसतं. पालक विचारतात, या तासाचे पैसे आम्ही का भरावे? आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे त्याचं उत्तर नाही."

"माझ्याकडे आहे की," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. त्या आता खुर्चीत ताठ झाल्या होत्या. "माझ्या वर्गातली मुलं—"

"तुम्ही चांगल्या आहात, हे मला मान्य आहे. पण शाळा नुसत्या चांगुलपणावर चालत नाही. निर्णय झालेला आहे. तुम्हाला काही मदत लागली तर मला सांगा. आशेला लावून ठेवणं मात्र मला जमणार नाही."

कवायतीच्या सरांनी सुस्कारा सोडला. लिहून घेणारी पोरगी भराभरा लिहीत होती. मेंढपाळही लिहीत होता, आणि मान डोलवत होता. चित्रकलेच्या बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग हसल्या आणि म्हणाल्या, "बाई गं, अगदी खरंच वाटलं."

"उत्तम," मेंढपाळ म्हणाला. "स्पष्टता आणि करुणा. हेच मी वर्षभर सांगत आलोय. उठा सगळे. प्रार्थना करू. मी सुरुवात करतो, समारोप बाई करतील. समारोपाचेही गुण आहेत बरं."

सगळे उभे राहिले. खुर्च्या मागे सरकल्या, माना खाली गेल्या. बाईंनीही डोळे मिटले. त्यांना बरं वाटत होतं, अगदी मनापासून. झालं एकदाचं. जावई गेला खड्ड्यात.

"हे प्रभू," मेंढपाळाने सुरू केलं. "आज आमच्या या बहिणीने जे ऐकलं, ते तिच्या मनात तू हळुवार रुजव. हा केवळ सराव नव्हता, हे तू जाणतोस. समितीने किती जड अंतःकरणाने हा निर्णय घेतला, तेही तू पाहिलंस. सत्य प्रेमाने कसं सांगावं यासाठी आम्ही तुझ्याकडे मार्ग मागत होतो, आणि आज तू तो दाखवलास. पालकांच्या तक्रारीही तू योग्य वेळी आमच्यापुढे आणल्यास. पुढच्या वर्षी आमच्या बहिणीसाठी तू नवं दार उघड. तिच्या मनात कुणाविषयी कटुता राहू देऊ नकोस."

बाईंनी डोळे उघडले.

समोर चित्रकलेच्या बाईंचेही डोळे उघडे होते. त्या मेंढपाळाकडे बघत होत्या. त्याचे डोळे घट्ट मिटलेले, भुवया वर गेलेल्या, आवाजात मध. त्यांच्याकडे बघायची त्याची हिंमत नव्हती, आणि आता त्याला बघायची गरजही नव्हती. सांगून झालं होतं.

"आता आमची दुसरी बहीण समारोप करेल," तो म्हणाला आणि थांबला.

चित्रकलेच्या बाई वळल्या आणि दाराकडे गेल्या. चपलांचा आवाजही झाला नाही. बाई त्यांच्या मागोमाग बाहेर पडल्या. मागे सगळे डोळे मिटून समारोपाची वाट बघत राहिले.

व्हरांड्यात हात धुवायची मोरी होती. चित्रकलेच्या बाईंनी नळ सोडला होता आणि त्या नखातला निळा रंग अंगठ्याने खरवडत होत्या. तो निघत नव्हता.

"मला माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या. "शपथ. मला वाटलं, नेहमीसारखा सराव आहे."

"मलाही." त्यांनी नळ बंद केला. "कोणते पालक?"

"काय?"

"तक्रार कोणी केली? नावं सांगा, मी त्यांच्या घरी जाऊन भेटते. गृहपाठ करतात म्हणे माझ्या तासाला. एखादा करतही असेल, मी नाही म्हणत नाही. पण बाकीच्यांनी काढलेली चित्रं मी नेऊन दाखवते ना त्यांना. एकदा बघितली की नाही बोलणार कुणी. नावं तेवढी सांगा."

बाई मोरीच्या कठड्याला टेकल्या.

"असे कुणी पालक नाहीत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"त्यांनी मला कारण दिलंच नव्हतं. तुमचं तुम्ही शोधा म्हणाले. मी तोंडाला आलं ते बोलले. मागे एकदा तुमच्या वर्गाचा गोंगाट ऐकला होता, त्यावरून जुळवलं."

चित्रकलेच्या बाई रडल्या नाहीत. ओले हात त्यांनी झग्यालाच पुसले.

"वार्षिक सभेत माझ्या नोकरीचा विषय निघाला होता," त्या म्हणाल्या. "शिक्षक प्रतिनिधींनी विचारलं, हिला का काढता? समितीतल्या कुणाला सांगता आलं नाही. कारणच नव्हतं. चित्रकलेची खोली यांना कार्यालयासाठी हवी आहे, हे काय कारण म्हणून सांगणार होते? म्हणून तर मी निर्धास्त होते हो. आता कारण मिळालं. वर्गभर लोकांनी लिहूनसुद्धा घेतलंय."

"मी सांगते त्यांना—"

"राहू द्या. तुमची परीक्षा आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता, नको असलेली वस्तू बोटाने बाजूला सारावी तसं काहीतरी होतं. "व्हा तुम्ही मुख्याध्यापिका. फार छान जमतं तुम्हाला."

आजवर बाईंनी कितीतरी लोकांना असं बोलून गप्प केलं होतं. त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. कानशिलं तापली. उलट बोलायचं ते कुठल्या तोंडाने? मेंढपाळाने बंदूक ठेवायला त्यांचा खांदा घेतला होता, हे खरं. पण गोळी? गोळी त्यांच्या स्वतःच्या खिशातली होती, आणि त्यांनी ती कौतुकासाठी झाडली होती.

त्या मागे वळल्या.

खोलीत सगळं जसंच्या तसं होतं. कवायतीचे सर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होते, पण डोळे मिटलेले. पोरगी वही छातीशी धरून उभी. मेंढपाळाचा चेहरा तर आणखी उजळला होता. इतकं लांब मौन त्याच्या वर्गात कुणी पाळलं नव्हतं. "होय, प्रभू," तो अधूनमधून पुटपुटत होता. बाई बाहेर गेल्या आणि परत आल्या, हे त्याच्या गावीही नव्हतं.

बाई आपल्या जागी येऊन उभ्या राहिल्या. समोरची जागा रिकामी होती. मागे दारात कुणीतरी येऊन थांबल्याचं त्यांना जाणवलं, पण त्यांनी वळून पाहिलं नाही. त्यांनी हात जोडले. डोळे मात्र उघडेच ठेवले.

"हे प्रभू," त्या म्हणाल्या. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा त्यांचा आवाज. "पालकांच्या तक्रारी आहेत असं मघाशी इथे मी म्हणाले. ते खोटं होतं. एकाही पालकाने तक्रार केलेली नाही. ते मी बनवलं. इथे ज्यांनी ज्यांनी ते लिहून घेतलं, त्यांनी ते खोडावं."

मेंढपाळाची पापणी हलली.

"आणि ज्या कारणासाठी आमच्या बहिणीला खरोखर काढलं जातंय, ते तुला माहीत आहे, प्रभू. ती खोलीही तुला माहीत आहे. पण इथे उभ्या असलेल्यांना ते माहीत नाही, म्हणून मी आता ते मोठ्याने सांगते."

कुणाची तरी खुर्ची कुरकुरली. मेंढपाळाने घसा खाकरला, मग पुन्हा खाकरला. गळ्यापासून कानापर्यंत तो लाल झाला होता. पण प्रार्थना चालू होती, आणि प्रार्थनेत मध्ये बोलायचं नसतं, हे वर्षभर त्यानेच शिकवलं होतं. डोळे मिटून तो ऐकत राहिला. बाईंनी श्वास घेतला आणि सुरुवातीपासून, सावकाश सांगायला लागल्या.